पावणेनऊची पळीकाकू

आधी पळीकाकू कोण ते सांगायला हवं, कारण ती कार्टून मालिका तुम्ही पाहिलेली नसणार. फारशी कुणी पाहिलीच नाही, म्हणून तर ती वर्षभरात बंद पडली, आणि तीही मधेच, जहाज वादळात सापडलेलं असताना. जहाज म्हणजे तरंगता दवाखाना. वर एक देखणा तरुण डॉक्टर, आणि खाली तळाशी स्वयंपाकघरात पळीकाकू. जाडजूड बाई. एप्रनला डाव्या बाजूला एकच खिसा, उजव्या हातात पळी, मागच्या भिंतीवर कायमचं सव्वातीनला बंद पडलेलं घड्याळ, आणि हसली की वरचा एक दात गायब. डावीकडचा. सव्वीस भागांत मिळून ती अकरा मिनिटं दिसते आणि दोनदा हसते. डॉक्टरची चित्रं काढणारे ढिगानं आहेत; देखण्या माणसांचं कधी काही अडत नाही. पण काढीन तर पळीकाकूच काढीन, असा विडा उचललेल्या लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. त्यात आज अकरा हजार माणसं आहेत. मिनिटामागे हजार. ह्यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हे सगळे लोक फार गंभीर आहेत.

त्यातली एक मेणबाई. हे नाव तिला ग्रुपनं दिलं, कारण ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दवाखान्यातून प्लास्टरचा जबडा येतो, त्यावर ही मेणाची हिरडी चढवते, मेणात एकेक दात बसवते, आणि मग ते मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक ओतलं जातं. बावीस वर्षं हेच काम. वय बावन्न. घरात ती आणि सासरे, दोघंच. नवरा गेल्याला दहा वर्षं झाली. तो गेला त्या वर्षी संध्याकाळी घर खायला उठायचं, म्हणून ही दोघं टीव्ही लावून बसत. काय चाललंय ह्याच्याशी मतलब नव्हता, आवाज हवा होता. ती वेळ नेमकी त्या मालिकेची. सासऱ्यांना डॉक्टर आवडला नाही. "फार केस आहेत," म्हणाले. पळीकाकू पहिल्यांदा हसली तेव्हा मात्र मेणबाईही हसली, आणि सासऱ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, कारण त्या घरात पाच महिन्यांनी कुणीतरी हसलं होतं.

पुढच्या वर्षी तिनं पुतणीचा जुना टॅब्लेट मागून आणला आणि चित्रं काढायला शिकली. नेटवर शोधता शोधता हा ग्रुप सापडला. तेव्हा त्यात नऊ जणी होत्या. आपलं पहिलं चित्र तिनं तिथं टाकलं. पळीकाकू तोंडभर हसतेय, पळी उगारलेली, मागं घड्याळ. खाली लिहिलं, "पहिलंच आहे. बरं नसेल तर सांगा, काढून टाकीन."

आता एक धंद्यातली गोष्ट. टॅब्लेटवर चित्र काढणारे लोक मधेमधे चित्र आरशात बघितल्यासारखं आडवं उलटवतात. तासन्‌तास बघून डोळा सरावतो, चुका दिसेनाशा होतात; उलटवलं की एक डोळा वर चढलाय, हनुवटी सरकलीय, हे चटकन कळतं. चुका दुरुस्त करायच्या आणि चित्र पुन्हा सरळ करायचं. मेणबाईनं उलटवलं, दुरुस्त केलं, आणि तेवढ्यात सासऱ्यांनी आतून हाक मारली की माझा चष्मा कुठाय. चष्मा कपाळावर होता. ते सांगून ती परत आली आणि चित्र टाकून मोकळी झाली. सरळ करायचं राहिलं.

चूक सापडली ती तिसऱ्या दिवशी, आणि सापडली सासऱ्यांनाच. ते जन्मभर छापखान्यात खिळे जुळवायचे, शिशाची उलटी अक्षरं. चाळीस वर्षं उलटं वाचलेला माणूस. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी टॅब्लेटवर नजर टाकली आणि म्हणाले, "तिथं तर सव्वातीन वाजलेले असतात. तुझ्या घड्याळात पावणेनऊ कसे?"

मेणबाईनं पाहिलं. पावणेनऊच.

"पान उलटं लागलंय," सासरे म्हणाले. "दात बघ. पळी बघ. खिसा बघ."

दात उजवीकडचा पडला होता. पळी डाव्या हातात, खिसा उजवीकडे. आणि ही बाई पोटासाठी काय करते, तर दात डावीउजवीकडे नीट लावते! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र काढून टाकावं म्हणून ग्रुप उघडला, तर मुकादमनं ते ग्रुपच्या माथ्यावर लावलेलं. मुकादम म्हणजे ग्रुप चालवणारी बाई. नोकरीला बसच्या डेपोत आहे, वेळापत्रकं लावते, ग्रुपही तसाच चालवते. आणि चित्राखाली खोडरबर नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "इतकी खरी पळीकाकू मी पाहिलेली नाही. काढून टाकलंत तर याद राखा."

मेणबाई गप्प बसली. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता नऊ वर्षं गेली.

नऊ वर्षांत काय झालं ते थोडक्यात सांगते. लोक वाढले. नव्या लोकांनी माथ्यावरचं चित्र बघून चित्रकला गिरवली, आणि उजवा दात पडलेल्या पळीकाकूंची पैदास सुरू झाली. जुन्यांनी हरकत घेतली. पहिले सहा महिने डावं म्हणजे कुणाचं डावं, बघणाऱ्याचं की पळीकाकूचं, ह्यावरच भांडण चाललं. शेवटी मेणबाईला विचारलं. ती म्हणाली, "तोंड ज्याचं, डावं त्याचं." एवढ्या एका बाबतीत ग्रुपमध्ये आजवर एकमत आहे.

मग खोडरबरनं चित्रकथा सुरू केली. दर आठवड्याला एक पान, काही आठवडे सुट्टी. मालिका जिथं बंद पडली तिथून पुढं पळीकाकूचं काय झालं, ह्याची कथा. त्यात वादळ ओसरतं, पळीकाकू डावीकडचा दात बसवून घेते, आणि पुढे एका झटापटीत पातेल्याचं झाकण लागून उजवीकडचा पडतो. एकशे बारा पानं झाली आणि कथा संपली. म्हणजे मेणबाईचं चित्र चुकीचं नव्हतंच मुळी, ते नंतरचं होतं! ग्रुपचे सरळ दोन तट पडले: मूळवाले आणि नंतरवाले. नंतरवाले खोडरबरची चित्रकथा तोंडपाठ म्हणतात. मूळवाल्यांचं म्हणणं की खोडरबर फार पाल्हाळ लावते. त्यात तथ्य आहे. एका जागी पळीकाकू स्टुलावर चढून ते बंद घड्याळ उघडते, पुसते, चालू करते, आणि थोड्या दिवसांनी ते पुन्हा बंद पडतं. ह्याला नऊ पानं. कथेला काडीचा उपयोग नाही.

मेणबाई ही कथा दर आठवड्याला वाचायची, पण एका डोळ्यानं. दात दिसला की ती पान घाईनं मिटायची. आपल्या एका विसरभोळेपणावर ही बिचारी इमले चढवतेय, हे तिला दिसत होतं. आणि खोडरबर म्हणजे काही कुणी परकी राहिली नव्हती. रोज सकाळी साडेसातला दोघी एकमेकींना एकेक चित्र पाठवायच्या, पाच मिनिटांत खरडलेलं. पळीकाकू बस पकडतेय, पळीकाकूला सर्दी झालीय. तिचं खरं नाव मेणबाईला ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं, चेहरा पाहिला नव्हता. ठाऊक होतं ते एवढंच की ती तिकीटखिडकीत बसते, गुडघा दुखतो, लिफ्टची भीती वाटते म्हणून तो दुखरा गुडघा घेऊन चार जिने चढते. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तिनं दिवसाला तीन चित्रं पाठवली होती. अशा बाईला काय सांगणार, की बये, तुझी एकशे बारा पानं मी चष्मा शोधायला उठले म्हणून झाली?

ते सांगायची पाळी गोधडीनं आणली.

गोधडी म्हणजे ग्रुपचं वार्षिक काम. मुकादम पळीकाकूचं एक मोठं चित्र आखते, त्याचे चौकोन पाडते आणि चिठ्ठ्या टाकून एकेक चौकोन एकेकाला वाटते. प्रत्येकानं आपला तुकडा रंगवायचा. शेजारच्याचा बघायचा नाही. मग सगळे जोडायचे. ह्या वर्षी चौकोनाची रेघ बरोबर नाकावरून खाली आली आणि तोंडाचे दोन भाग झाले. डावा अर्धा गेला एका नंतरवाल्याकडे. त्याच्या हिशेबानं दात उजवीकडचा पडलेला, म्हणून त्यानं डावीकडचे सगळे दात मन लावून काढले. उजवा अर्धा गेला एका मूळवालीकडे. तिनंही तेच केलं. गोधडी जोडली आणि पळीकाकूला अख्खी बत्तीशी आली. टूथपेस्टच्या जाहिरातीसारखी.

ग्रुपवर हलकल्लोळ माजला. दोन दिवसांत चौदाशे माणसं सोडून जायच्या गोष्टी करू लागली. तिसऱ्या दिवशी मुकादमनं फर्मान काढलं:

"हा विषय रविवारी दुपारी बारा वाजता बंद होईल. पहिलं उजवं चित्र मेणबाईंचं. ते मूळ समजायचं की नंतरचं, हे त्यांनी सांगावं. त्या म्हणतील ते कायम. जे कायम होणार नाही त्या बाजूची सगळी चित्रं आणि कथा 'इतर' ह्या अल्बममध्ये हलवण्यात येतील. कुरकुर चालणार नाही."

'इतर' अल्बम म्हणजे अडगळ. तिथं लोकांनी चुकून टाकलेले मांजरांचे फोटो आहेत आणि एका इसमाच्या लग्नाची पत्रिका.

त्या रात्री खोडरबरचा निरोप आला. "तुला जे म्हणायचं ते म्हण. माझा विचार करू नकोस."

झालं. ह्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी लॅबमध्ये मेणबाईनं एका म्हातारबुवांच्या जबड्यात डावीकडचा दात उजवीकडे बसवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी जबडा उचलून उजेडात धरला, तिच्याकडे पाहिलं, परत जबड्याकडे पाहिलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"दातांचं जरा चाललंय," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"नात्यातल्या एका काकूंच्या." आणि मेण गरम करून तिनं तो दात काढला.

शनिवारी संध्याकाळी सासरे पेपर वाचत बसले होते. मेणबाईनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांना पळीकाकू आठवत होती, घड्याळही आठवत होतं. अकरा हजार माणसांचं ऐकून ते म्हणाले, "एवढ्या लोकांना दुसरा उद्योग नाही?"

"मलाही नाहीय, बाबा."

सासऱ्यांनी पेपरची घडी घातली. "आमच्याकडे एकदा अख्खं पुस्तक छापून, बांधून झालं आणि मग चूक सापडली. माझीच. मी मालकांना म्हटलं, सगळ्या प्रती मी स्वतः जाळतो. मालक म्हणाले, अरे वेड्या, शुद्धिपत्र लाव. एवढीशी चिठ्ठी. अमुक पानावर अमुक छापलंय, ते तमुक वाचावं. खाली रडगाणं गायचं नाही."

"आणि जिनं त्या चुकीवर दुसरं पुस्तक लिहिलं तिचं काय?"

सासऱ्यांनी कवळी काढून कपात ठेवली. ती मेणबाईनंच बनवलेली होती, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीविषयी तक्रार असलेल्या ह्या माणसानं त्या कवळीविषयी आजवर चकार शब्द काढला नव्हता.

रविवारी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी मेणबाईनं लिहिलं:

"शुद्धिपत्र. नऊ वर्षांपूर्वीच्या माझ्या चित्रात पळीकाकूचा उजवीकडचा दात पडलेला दिसतो. तो डावीकडचा वाचावा. तपासायला चित्र उलटवलं होतं, सरळ करायचं राहिलं. मनात दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं, तरी सांगितलं नाही. चूक माझी."



मूळवाल्यांनी आनंद केला, पण जरा कसानुसा. नऊ वर्षं ज्याच्यासाठी लढले ते एका सरळ करायच्या राहिलेल्या चित्रावर येऊन ठेपेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. नंतरवाल्यांत सुतक पसरलं. एका क्रेनवाल्यानं लिहिलं, "माझ्या दंडावर उजवा दात पडलेली गोंदवलीय. मी आता काय करायचं?" खाली कुणीतरी लिहिलं, "आरशात बघायचं." त्याला आठशे जणांनी दाद दिली.

बरोबर बारा वाजता मुकादमचा ठराव आला. "शुद्धिपत्र मंजूर. मूळ बाजू कायम. चित्रकथा उद्या सकाळी 'इतर'मध्ये हलेल. मेणबाईंचं चित्र माथ्यावरून निघेल. विषय बंद."

खोडरबरचा पत्ता नव्हता. नावापुढचा हिरवा ठिपका दिसत होता. म्हणजे ती तिथं होती, वाचत होती. मेणबाईनं तिला लिहिलं, "चुकले गं." उत्तर नाही. साडेबारा झाले, एक झाला. जेवणात मेणबाईचं लक्ष नव्हतं. सासऱ्यांनी वाढून घेतलं.

दीड वाजता तिनं चित्रकथा उघडली. उद्या ती अडगळीत जायची होती, तेव्हा निदान आज एकदा सलग वाचावी, दोन्ही डोळ्यांनी. नऊ वर्षांत तिनं तसं कधी केलं नव्हतं.

चौदाव्या पानावर पळीकाकूचं उजवं मनगट भाजतं, आणि ती पळी डाव्या हातात घ्यायला शिकते. पडते, सांडते, शिकते. मेणबाईला हे आठवत होतं. पुढं तिसाव्या पानावर एप्रनच्या खिशाला ठिणगी लागून भोक पडतं, पळीकाकू नवा खिसा शिवते, आणि तो शिवते उजवीकडे. का, तर डाव्या हाताला तोच सोयीचा. हे तिला आठवत नव्हतं. मग ती घड्याळाची नऊ पानं आली. पळीकाकू स्टुलावर चढते. घड्याळ उघडते, पुसते, काटे फिरवते. घड्याळ टिकटिक करायला लागतं. आठवडाभर चालतं. आणि नवव्या पानावर पुन्हा बंद पडतं.

मेणबाईनं ते पान बोटांनी मोठं केलं. पावणेनऊ.

मग तिनं शेवटचं, एकशे बारावं पान काढलं. दात पडल्यावर पळीकाकू तोंडभर हसते, पळी उगारलेली, मागं घड्याळ. ते मेणबाईचंच चित्र होतं, रेघ न्‌ रेघ. त्यात जे जे उलटं होतं, ते ते आधीच्या एकशे अकरा पानांत एकेक करून सरळ करून ठेवलेलं होतं. दात, पळी, खिसा, घड्याळ. एकही गोष्ट सुटली नव्हती. दात उजवीकडे आहे एवढंच ज्याला दिसलं त्यानं दाताची कथा लिहिली असती. घड्याळाची कशाला लिहील?

तिनं लिहिलं, "तुला माहीत होतं."

ह्या वेळी उत्तर लगेच आलं.

"पहिल्या दिवशीच. मीपण उलटवून बघते ना चित्रं. चारदा तशीच टाकलीयत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू लिहिलं होतंस, बरं नसेल तर काढून टाकीन. चूक दाखवली असती तर तू काढून टाकलं असतंस आणि परत आली नसतीस. तेव्हा आम्ही नऊच होतो. मला दहावी हवी होती."

मेणबाईला अक्षरं नीट दिसेनात. डोळे पुसून तिनं लिहिलं, "अगं, पण आता ते सगळं इतरात जाणार. मांजरांत."

"जाऊ दे. तू ताठ मानेनं राहावीस म्हणून काढलं होतं. आज तू स्वतःच सांगून टाकलंस. आता ते कुठंही पडलं तरी मला काय."

"आणि मघापासून बोलत का नव्हतीस? माझा इकडे जीव गेला."

"रडत होते. आज एकदाची तुझ्या मानेवरची धोंड उतरली म्हणून."

मेणबाईनं फोन मांडीवर ठेवला आणि मोकळेपणानं रडली. पलीकडे सासरे उठले, त्यांनी टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. काय लागलंय ते त्यांनी पाहिलं नाही.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा फोन उचलला.

"एकशे बारा पानं, खोडरबर? एका दातासाठी?"

"आधी चारच ठरवली होती," खोडरबरनं लिहिलं. "पण तू बारकावे फार काढतेस बाई. नुसत्या घड्याळाला नऊ पानं गेली."